व्हिडिओतलं इंग्रजी आणि वर्गातलं इंग्रजी

कापूसवाला (ता. दारव्हा):
काल इथं एकानं झेडपी शाळेतल्या तिसरीच्या पोट्ट्यांचा व्हिडिओ टाकला. 'माय नेम इज, माय व्हिलेज इज' सगळे एका सुरात, आणि वर मथळा, 'कान्व्हेंटवाल्यांनो, बघा आणि शिका'. लाइकचा पाऊस. माझा पुतण्याही तिसरीत, दुसऱ्या गावच्या झेडपीत. तोही असंच धडाधड म्हणतो. विचारलं, 'व्हॉट इज युअर फादर्स नेम?' बरोबर सांगितलं. मग विचारलं, 'व्हेअर इज युअर फादर?' बाप समोर बैलाला पाणी पाजत होता. पोट्ट्यानं पुन्हा बापाचं नावच सांगितलं. 2000 पासून राज्यात पहिलीला इंग्रजी आहे. एवढ्या वर्षांत पाठांतरच पदरात पडलं असेल, तर व्हिडिओ कशाचे काढता?

चार_वर्ग_दोन_गुर्जी:
भाऊ, तिसरी-चौथी एका खोलीत मी एकटा घेतो. परिचय पाठ करून घेतो, कारण त्यानं तोंड उघडतं, भीती मोडते. ती पहिली पायरी, हे मान्य. वाचनाचं विचारा ना! मराठीत 'क' अक्षराचं नावही 'क' आणि आवाजही 'क'. इंग्रजीत अक्षराचं नाव 'सी', कॅटमध्ये आवाज 'क', सिटीमध्ये 'स'. नावं घोकलेलं पोरगं कॅटला 'सीएटी'च वाचतं. म्हणून मी आधी आवाज देतो, मग जोडायला लावतो. ज्याला मराठी वाचता येतं तो ही गोम लवकर पकडतो, म्हणून आधी मराठी पक्की करा म्हणतो. ज्याचं मराठीच अडतं, त्याच्याशी बसायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदीची, माहिती मागणारा फोन येतो. वर खिचडीचा हिशेब.

मेळघाटातून:
'आधी मराठी पक्की करा' हे दारव्ह्यात ठीक. धारणीकडं पोरगं घरी कोरकू बोलतं. त्याला मराठीही शाळेतच भेटते, इंग्रजीही. त्यात 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी आणायला निघाले होते, जूनमध्ये शासन निर्णय मागं घेतला म्हणून वाचलो. कोरकू येणारा शिक्षक द्या, मग इंग्रजीचं बोलू.

गावपुढारी:
गुर्जी, आवाज-बिवाज सारं झकास. पन तुमी राह्यता कुठं? आमचे सर तालुक्यावरून अपडाऊन करतेत. शाळा साडेदहाची, एसटी अकराची. चार वाजले की पिशवी खांद्याले. घरभाडं भत्ता मात्र गावात राह्यतो म्हनून!

चार_वर्ग_दोन_गुर्जी:
आलं, आलं! इंग्रजीवर बोलता बोलता घरभाड्यावर घसरले. गावात संडास असलेली एक खोली दाखवा, उद्या सामान आणतो.

गावपुढारी:
आमी राह्यतोच ना गावात? आमचे लेकरं मान्सं नाईत काय?

मॅडम_झेडपी:
मी दोन वर्षं राहिले गावात. नळ चौथ्या दिवशी यायचा, आणि संध्याकाळी कोणाशी बोलले याचा हिशेब अख्खं गाव ठेवायचं. बाईमाणसानं राहून दाखवावं, मग बोलावं. आणि पुढारी, शिक्षक मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहतो असा ग्रामसभेचा ठराव कोण देतं? तुम्हीच ना? मग खोटारडे आम्ही एकटेच कसे?

गावपुढारी:
सही नाई केली त सायबाचा फोन येते. तुमाले काय सांगाव.

कापूसवाला:
अरे, धागा इंग्रजीचा आहे! घरभाड्याचा वेगळा काढा.

पोरीची_आई:
काढतील तेव्हा काढतील. माझी पोरगी कान्व्हेंटला, दुसरीत. रोज चौदा किलोमीटर मॅजिकमध्ये कोंबून जाते. अक्षर मोत्यासारखं, वहीत पानभर उत्तरं, प्रत्येकाखाली टिचरचा स्टार. मी त्याच पानातल्या एका शब्दावर बोट ठेवलं तर गप्प! फळ्यावरचं चितारून आणते, वाचता येत नाही. तेव्हा कान्व्हेंटचा तोरा कोणी मिरवू नये. फी मात्र त्यांना वेळेवर लागते.

कापूसवाला:
कान्व्हेंटची बाजू मी घेतलीच नव्हती. गुर्जी, आवाजाचं तुमचं पटलं, घ्या, खूश व्हा. पण पाठ केलेल्याचा व्हिडिओ काढून 'इंग्रजी बोलतात' म्हणणं मी सोडणार नाही. पोरासमोर अनोळखी पुस्तक उघडा, दोन ओळी वाचू द्या, त्याचा व्हिडिओ टाका.

चार_वर्ग_दोन_गुर्जी:
टाकतो. पोरगं अडखळलं की तुम्हीच पहिले हसाल.

गावपुढारी:
26 जानेवारीच्या ग्रामसभेत घेऊ हा विषय. या गुर्जी.

चार_वर्ग_दोन_गुर्जी:
झेंड्याला मी गावातच असतो.

गावपुढारी:
हाव, 15 ऑगस्टलेबी असता.