पाच तारांचा बेस (बेस गिटार), ४० वॅटचा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत): बँडमध्ये आवाज हरवतो, जीचा सूर घुमतो. नवा ॲम्प कसा निवडावा?

खर्जपंचम:
पाच तारांचा ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) बेस आहे, सोबत १० इंची एका स्पीकरचा ४० वॅटचा कॉम्बो. तालमीच्या खोलीचं माप साडेतीन बाय पाच मीटर, कॉम्बो कोपऱ्यात जमिनीवर असतो. साथीला ड्रम आणि दोन गिटार.

एकट्याने वाजवलं की आवाज भरदार लागतो, पण बँड सुरू झाला की बेस ऐकूच येत नाही. मास्टर (एकूण आवाजाचं बटण) वाढवला की बी तारेवर स्पीकर फडफडतो. ई तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी, इतका घुमतो की शेजारचे सूर त्यात बुडतात. ए तारेच्या चौथ्या फ्रेटलाही तेच, पण कमी. बेसचं बटण घड्याळातल्या ३ वर, मिड १० वर, ट्रेबल २ वर.

३०० वॅटच्या आसपासचं हेड (नुसता ॲम्प) आणि वेगळा कॅब (स्पीकरची पेटी) घ्यावा, की मोठा कॉम्बो? स्पीकर १० इंची, १२ की १५? कॅब ८ ओमचा की ४ चा? आणि सोबत आणखी काय लागतं?

मंद्रसप्तक:
काही घेण्याआधी बटणं बदलून बघा, कारण निम्मा दोष तिथेच आहे. सगळं इक्यू (बेस, मिड, ट्रेबलची बटणं) मधोमध आणा, मास्टर शून्यावर. तुम्ही जास्तीत जास्त जोराने जसं वाजवता, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकणं) धरून, तसं वाजवत गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारं बटण) वाढवा. क्लिपचा (सिग्नल फाटतोय हे सांगणारा) दिवा फक्त सगळ्यात जोरदार ठोक्याला लुकलुकायला लागला की बटण किंचित मागे घ्या. ॲक्टिव्ह बेससाठी पॅडचं बटण असेल (साधारण १० ते १५ डेसिबल कमी करणारं) तर ते आधी दाबून बघा. मग मास्टर.

आता मिड. ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झ, बी तारेचा ३१. एका १० इंची स्पीकरमधून हे सूर मुळात फारसे निघतच नाहीत. कान तो सूर ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या स्वरांशांवरून (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांवरून) ओळखतो, आणि गिटार व ड्रमच्या गर्दीतून बोटाचा ठोका कळतो तो ४०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तुम्ही नेमका तोच पट्टा खाली ओढलाय. एकट्याने वाजवताना असा पोकळ आवाज गोड लागतो, पण बँडमध्ये तो बाकीच्यांत विरघळून जातो. 'कॉन्टूर' किंवा 'शेप' नावाचं बटण असेल तर तेही बंद ठेवा, बहुतेक ॲम्पवर ते मिडच कापतं.

बेसचं बटण १२ वर किंवा जरा खाली, मिड १ ते २ वर. मिडची फ्रीक्वेन्सी बदलता येत असेल तर ५०० वर ३-४ डेसिबल द्या. आवाज फार पातळ वाटला तर २५०ला २ डेसिबल, त्याहून जास्त नको, सगळं गढूळ होतं. दोन्ही गिटारवाल्यांना त्यांचं बेसचं बटण कमी करायला सांगा. त्यांच्या ॲम्पमधून १०० हर्ट्झच्या खाली जे येतं त्याने त्यांचं काहीच भलं होत नाही, तुमची जागा मात्र जाते.

फडफड का होते तेही बघा. आवाजाची पातळी तीच ठेवून फ्रीक्वेन्सी निम्मी केली तर कोनला (स्पीकरच्या पडद्याला) चौपट पुढे-मागे जावं लागतं. बेसचं बटण ३ वर नेऊन तुम्ही त्या कोनला त्याच्या मर्यादेबाहेर ढकलताय. स्पीकर असाही मरतो, नुसते वॅट जास्त झाले म्हणूनच नाही. बेसचं बटण खाली आलं की फडफड बरीच थांबेल आणि मास्टर वर न्यायला जागा मिळेल.

घुमट:
जीच्या घुमण्याबद्दल. तुमच्या खोलीच्या मापातच त्याचं उत्तर आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी मावते ती तिथे अडकते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला साडेतीनच्या दुपटीने भागा: ४९ हर्ट्झ. ई तारेचा तिसरा फ्रेट बरोबर ४९ हर्ट्झवर आहे. पाच मीटरच्या बाजूने पहिली लहर ३४ ला येते, दुसरी ६८.६ ला, आणि ए तारेचा चौथा फ्रेट ६९.३. ॲम्पचा यात काहीच दोष नाही. ३०० वॅट आणलेत तर तोच जी आणखी घुमेल.

खात्री करायची असेल तर बेस हेडफोनवर ऐका. तिथेही जी मोठा येत असेल तर गडबड पिकअपच्या उंचीत किंवा तारेत आहे. हेडफोनवर सगळे सूर सारखे आणि खोलीत जी मोठा, म्हणजे खोलीच.

कोपऱ्यात सगळ्या लहरींचा दाब सर्वाधिक असतो, त्यामुळे कोपऱ्यातला कॉम्बो प्रत्येक लहरीला खतपाणी घालतो. ४९ हर्ट्झच्या लहरीचा दाब साडेतीन मीटरच्या बरोबर मध्यावर सर्वात कमी असतो. कॉम्बो पाच मीटर लांबीच्या भिंतीजवळून काढून साडेतीन मीटरच्या भिंतीच्या मध्याकडे सरकवा. अर्धा मीटर हलवूनही फरक ऐकू येतो. दुसऱ्या कुणाला बेसवर ई पासून वरच्या ई पर्यंत एकेक फ्रेट सारख्या जोराने वाजवायला सांगा, तुम्ही खोलीत फिरा. भिंतीला टेकलात की जी दणकतो, मध्यात उभे राहिलात की जवळजवळ नाहीसा होतो. हा फरक एकदा कानाने ऐकला की कॉम्बो कुठे ठेवायचा ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही.

इतकं करूनही उरलं तर ग्राफिक इक्यूची ५० हर्ट्झची पट्टी ३-४ डेसिबल खाली. साध्या बेसच्या बटणाने हे करू नका, ते जीबरोबर शेजारचे सगळे सूर नेतं. भिंतीला फोम चिकटवूनही हे जाणार नाही. ४९ हर्ट्झची लहर सात मीटर लांब असते, पाच सेंटिमीटरचा फोम तिला अडवू शकत नाही.

आणि कॉम्बो तिरका करा किंवा स्टूलवर ठेवा. मिड आणि ट्रेबल सरळ रेषेत जातात. सध्या ते तुमच्या गुडघ्यांवर आदळतायत आणि कानापर्यंत नुसता घुमारा पोचतोय, म्हणून तुम्ही ट्रेबल २ वर नेलाय.

ओमकार_नाही_ओम:
आता खरेदी. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणजे जेमतेम जाणवेल इतके. ४० वरून ३०० वर गेलात तर सुमारे ९ डेसिबल, कानाला जवळपास दुप्पट. म्हणून नुसते वॅट बघू नका, कॅबची सेन्सिटिव्हिटी बघा: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. ९४ आणि १०० चे दोन कॅब असतील तर १०० वाल्याला १०० वॅटमध्ये जे जमतं त्यासाठी ९४ वाल्याला ४०० लागतात.

ड्रम आणि दोन गिटारसोबत, पाच तारांना, ३०० ते ५०० वॅटचं क्लास-डी हेड आणि २ बाय १० (१० इंची दोन स्पीकर) किंवा १ बाय १५ चा बंदिस्त अथवा पोर्टवाला (हवेसाठी भोक असलेला) कॅब, एवढं पुरतं. क्लास-डी हेड दोन-तीन किलोचं असतं. व्हॉल्व्हचं (काचेच्या नळ्यांचं) ३०० वॅटचं हेड पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातं. १९६९ मध्ये आलेल्या ॲम्पेग कंपनीच्या एसव्हीटी हेडपासून त्या आवाजाचा दबदबा आहे आणि तो रास्तही आहे, पण त्याला उचलायला दोन माणसं लागतात.

१० म्हणजे चपळ आणि १५ म्हणजे खोल, हे ठोकताळे आहेत. कॅबचं आकारमान आणि पोर्ट कितीवर जुळवलाय, यावर जास्त अवलंबून असतं. पोर्टवाल्या कॅबमध्ये त्या जुळवलेल्या फ्रीक्वेन्सीच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही. बी तार असेल तर हे विशेष जपा.

ओमबद्दल: पहिला कॅब ८ ओमचाच घ्या. ज्या हेडवर '४ ओमला ५०० वॅट' असतं ते ८ ओमला साधारण ३०० देतं, तालमीला भरपूर. पुढे तसाच दुसरा ८ चा जोडला की एकूण भार ४ ओम होतो, वॅट वाढतात, हवाही दुप्पट हलते. मिळून ५-६ डेसिबल हाती येतात. पहिलाच ४ चा घेतलात तर किमान ४ ओमच्या हेडवर दुसऱ्याला जागाच उरत नाही.

तांब्याचीतार:
केबलबद्दल एवढंच: हेड ते कॅब स्पीकरचीच केबल, बेसची नाही. ४ ओमला ५०० वॅट म्हणजे ११ अँपिअर. बेसच्या केबलमधली आतली तार केसासारखी बारीक असते, ती तापते, आवरण वितळून जाळीला टेकते आणि ॲम्प शॉर्ट होतो. १.५ ते २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी, लांबी गरजेपुरती. दोन्हीकडे स्पीकॉन (फिरवून अडकणारा प्लग) सगळ्यात उत्तम: घाला, उजवीकडे फिरवा, खटका ऐकू आला पाहिजे. खटका नाही म्हणजे बसलेला नाही. पाव इंची जॅक असेल तर ॲम्प बंद करूनच घाला-काढा, कारण आत सरकताना त्याचं टोक क्षणभर शॉर्ट होतं. व्हॉल्व्हचं हेड कॅब न जोडता कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

खर्जपंचम:
मिड वर आणि बेस खाली केल्यावर बँडमध्ये सूर कळायला लागले, फडफडही गेली. कॉम्बो सरकवल्यावर जी बराच बसला. एक शंका: कॉम्बोच्या मागे जादा स्पीकरचा जॅक आहे, त्यावर 'एकूण किमान ४ ओम' असं छापलंय. आतल्या स्पीकरवर मल्टिमीटर ६.२ दाखवतो. ४ ओमचा एक कॅब मिळतोय, जोडू का?

ओमकार_नाही_ओम:
नको. मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो, तो लिहिलेल्या ओमपेक्षा कमीच येतो. ६.२ म्हणजे ८ ओमचा स्पीकर, ४ चा असता तर ३.२ च्या आसपास दिसला असता. ८ आणि ४ समांतर जोडले की ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओम. ॲम्प गरम होऊन प्रोटेक्शनमध्ये जाईल किंवा आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतील. शिवाय ४ ओमचा कॅब ८ वाल्याच्या दुप्पट पॉवर ओढतो, त्यामुळे तोल साधणार नाही. ८ चा मिळाला तर खुशाल जोडा, आणि तोच पुढे नव्या हेडला पहिला कॅब म्हणून चालेल.

मंद्रसप्तक:
सोबतच्या वस्तूंपैकी आधी हायपास फिल्टर (ठरावीक फ्रीक्वेन्सीच्या खालचा आवाज कापणारा) घ्या, पेडल असो वा हेडमध्येच असलेला. बी तारेसाठी ३० ते ३५ हर्ट्झवर लावा. मूळ सूर बराचसा राहतो, हाताच्या आपटण्यामुळे येणारा निरुपयोगी दणका जातो आणि कोन वाचतो. मग ट्यूनर पेडल, साखळीत पहिलं, म्हणजे म्यूट म्हणूनही वापरता येतं. बी तार त्याला नीट कळत नसेल तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवा. कॉम्प्रेसर (जोरदार सूर दाबून पातळी सारखी ठेवणारा) त्यानंतर: रेशो ४ ला १, अटॅक (दाबायला सुरुवात होण्याचा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, नाहीतर बोटाचा ठोकाच चिरडला जातो. सुईची घसरण (आवाज किती दाबला ते) ४-५ डेसिबलच्या पुढे नको. ओव्हरड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) घेणार असाल तर ब्लेंडचं (मूळ आवाज मिसळणारं) बटण असलेलाच घ्या, साध्यात तळ जातो. पेडलना ९ व्होल्टचा, प्लगच्या मध्यभागी निगेटिव्ह असलेला, प्रत्येकाला स्वतंत्र आउटपुट असलेला पुरवठा द्या, सूं-सूं निम्मी तिथेच संपते.

स्टेजवर हेडचं डीआय (थेट सिग्नल देणारं आउटपुट) मिक्सरला जाईल. ते 'प्री' (इक्यूच्या आधी) वर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर बटणं फिरवलीत तरी समोरचा आवाज बदलत नाही. इक्यूच तुमच्या आवाजाचा भाग असेल तर 'पोस्ट' (इक्यूनंतर). म्यूट दाबल्यावर डीआयही बंद होतं की नाही हे घरी तपासा, प्रत्येक हेडमध्ये वेगळं असतं. हम्म आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवाशी खेळ आहे.

आणि वाजवून झालं की बेसमधून जॅक काढून ठेवा. जॅक आत असेपर्यंत ॲक्टिव्ह सर्किट चालूच राहतं. आवाज फाटायला लागला तर ॲम्प उघडण्याआधी ती ९ व्होल्टची बॅटरी बदलून बघा.