जुनी फोर-व्हील जीप 80,000 रुपयांत चालती करायची आहे. आधी कशाला हात घालावा?

शेतवाट_बाजारभोगाव

नमस्कार. आमच्याकडे वडिलांनी घेतलेली 1994 सालची महिंद्रा एम.एम. 540 ही डिझेल जीप आहे. गेली काही वर्षे ती गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती. आमचे शेत पन्हाळा तालुक्यात बाजारभोगावच्या वरच्या अंगाला आहे आणि जून ते सप्टेंबर या काळात तिथवर ट्रॅक्टरखेरीज काही पोहोचत नाही. म्हणून ही जीप पुन्हा वापरात आणण्याचा विचार आहे. हाताशी 80,000 रुपये आहेत, त्याहून अधिक पदरमोड यंदा शक्य नाही.

गाडीची अवस्था अशी: सकाळी सुरू करताना बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि पांढरा धूर येतो, मात्र इंजिन तापल्यावर तो थांबतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. स्टिअरिंगला बराच प्ले (ढिलेपणा) आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला आहे. फोर-व्हीलचा लिव्हर पडतो, परंतु पुढची चाके ओढत नाहीत. एका मेकॅनिकच्या मते इंजिन पूर्ण उघडावे लागेल, तर दुसऱ्याने भंगारातले वेगळे इंजिन बसवण्याचा सल्ला दिला. दोघांच्याही अंदाजात सगळे पैसे इंजिनातच संपतात. नोंदणीची मुदत गेल्या वर्षी संपली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लेथवाला_उद्यमनगर

दादा, आपण लिहिलेल्या लक्षणांवरून इंजिन उघडण्याची घाई करावी असे मला वाटत नाही. या जीपमध्ये प्यूजो बनावटीचे 2112 सी.सी.चे एक्स.डी.पी. इंजिन असते. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न फवारता हेडमधल्या छोट्या कोठडीत फवारले जाते, त्यामुळे थंड असताना ते हीटर प्लगवर, म्हणजे ती कोठडी आधी तापवणाऱ्या विजेच्या प्लगवर, फार अवलंबून असते. प्लग जळालेले असतील तर सकाळी न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर येतो आणि इंजिन तापले की तो आपोआप थांबतो. प्लगना जोडणारी पट्टी काढा, बॅटरीच्या प्लसपासून बारा व्होल्टच्या दिव्यातून एक वायर आणून प्रत्येक प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला नाही तो प्लग गेला. एवढे करूनही धूर राहिला तर डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्यावेत आणि मगच कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तिथून सतत जोराने वाफा येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा, पण तसे आपण म्हटलेले नाही.

पहिला पैसा चासीवर जायला हवा, कारण चासी गेलेली असेल तर बाकीचा खर्च पाण्यात. शेतातला चिखल चासीच्या पोकळीत साचून राहतो आणि आपल्याकडच्या पावसात तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरता वाळतही नाही, त्यामुळे गंज आतून बाहेर येतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. आधी प्रेशरच्या पाण्याने सगळे धुऊन काढा आणि मग लहान हातोडीने पाट्यांच्या (स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या) ब्रॅकेटजवळ, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा पत्रा घालून वेल्ड करावा. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणाऱ्यांचे ऐकू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात. डिझेलची टाकी जवळ असेल तर ती उतरवूनच काम करावे. पायाखालचा पत्रा मात्र साधा काळा पत्रा वाकवून, रेड ऑक्साईड मारून बसवला तरी चालतो, त्यावर कारागिरी दाखवण्याचे कारण नाही.

त्यानंतर ब्रेक आणि स्टिअरिंग. गाडी एका बाजूला ओढते याचा अर्थ बहुधा उजव्या बाजूचा व्हील सिलिंडर जाम आहे, किंवा तिथल्या लायनरवर ऑइल अथवा ग्रीस उतरले आहे. चारही ड्रम उघडून पाहा, रबरी होज बदला, आणि ड्रमला चर पडले असतील तर लेथवर घासून घ्या. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, तो ओलांडेल इतके मात्र घासू नये. स्टिअरिंगचा प्ले बॉक्समध्येच आहे असे गृहीत धरू नका. एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून एकेका टाय रॉडच्या टोकावर हात ठेवावा, सैल सांधा हाताला लगेच कळतो. टाय रॉडची टोके आणि किंगपिनचे बेअरिंग बदलल्यावर अर्ध्याहून अधिक प्ले निघून गेल्याचे मी अनेक गाड्यांत पाहिले आहे.

माळावरचा_टायर

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण फोर-व्हीलचा विषय राहिला. लिव्हर पडतो आणि पुढची चाके ओढत नाहीत, तर सर्वप्रथम गाडीखाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा, जागेवर आहे का ते पाहा. डिझेल वाचावे म्हणून हा शाफ्ट काढून कोपऱ्यात टाकून देण्याची पद्धत आपल्याकडे फार होती. शाफ्ट असेल तर पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवता-जोडता येणारे हब) बसवलेले आहेत का आणि ते लॉक होतात का हे तपासावे. मागच्या चाकांना उटी लावून पुढची दोन्ही चाके जॅकवर उचला, लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाका आणि गाडी गिअरमध्ये ठेवून पुढचे एक चाक हाताने फिरवा. शाफ्ट आणि दुसरे चाक दोन्ही फिरत नसतील तर दोष हबमध्ये किंवा ॲक्सलमध्ये आहे. दुसरे चाक उलटे फिरले आणि शाफ्ट जागचा हलला नाही तर ॲक्सल ठीक आहे आणि ट्रान्स्फर केसमध्येही, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणाऱ्या पेटीतही, गिअर पडलेला आहे.

टायरच्या बाबतीत काटकसर नडते. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल (दोन शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो, त्यामुळे फोर-व्हील टाकल्यावर दोन्ही शाफ्ट सक्तीने सारख्याच वेगाने फिरतात. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर असतील तर त्यांच्या घेरातला फरक शाफ्टमध्ये ताण म्हणून साठतो. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकला आणि पुढचे-मागचे अंतर फूटपट्टीने मोजा, म्हणजे फरक कळेल. याच कारणाने फोर-व्हील कोरड्या डांबरी रस्त्यावर कधीही टाकू नये. लिव्हर अडकलाच तर हातोडी न घेता गाडी थोडी रिव्हर्स घ्यावी, ताण उतरतो आणि लिव्हर सुटतो. नवे टायर परवडत नसतील तर एकसारखे झिजलेले चार जुने टायर दोन नव्या टायरपेक्षा बरे, हे माझे ठाम मत आहे.

कागदपत्रे_एम_एच_09

काका-दादांनी यंत्राचे सांगितले, मी कागदाचे सांगतो, कारण 80,000 रुपयांतला काही वाटा तिथेही जाणार आहे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे दर वेळी तपासणीनंतर 5 वर्षांसाठी वाढते. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरील हलक्या मोटार वाहनासाठी नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे. मुदत संपल्यानंतरच्या विलंबाचे शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. विमा नसेल तर शेतातून रस्त्यावर गाडी काढूच नये.

भंगारातल्या इंजिनाचा सल्ला मला मुळीच पटत नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि इंजिनाचा क्रमांक बदलला की त्याची नोंद करून घ्यावी लागते. भंगारातल्या इंजिनाचे बिल आणि मूळ मालकाचे कागद मिळाले नाहीत तर तपासणीच्या दिवशी गाडी तशीच परत येते. चासीवरचा क्रमांक आताच घासून स्वच्छ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि नोंदणी पुस्तिकेशी पडताळून पाहा. वेल्डिंगवाल्याने त्या जागेवर ग्राइंडर फिरवू नये म्हणून तिथे आधीच चिकटपट्टी लावून ठेवा.

शेतवाट_बाजारभोगाव

सर्वांचे मनापासून आभार. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर आहे, हब साधे आहेत आणि सांगितल्याप्रमाणे तपासले असता चाक फिरवल्यावर शाफ्टही फिरतो, पण ट्रान्स्फर केसच्या आत तो कुठेच पकडत नाही. दिव्याने पाहिले तर चारपैकी एकच हीटर प्लग जिवंत निघाला. चासीवर मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ एका ठिकाणी बद्द आवाज येतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली: गिअरबॉक्समधले ऑइल फार कमी आहे आणि ट्रान्स्फर केसचा भरण्याचा बोल्ट उघडताच तिथून ऑइल बाहेर वाहिले.

लेथवाला_उद्यमनगर

म्हणजे दोन्ही पेट्यांमधला सील गेला आहे आणि गिअरबॉक्सचे ऑइल ट्रान्स्फर केसमध्ये उतरते आहे. ट्रान्स्फर केस एवीतेवी उतरवावीच लागणार, तेव्हा शिफ्टिंग फोर्क, त्याच्या शाफ्टवरची खाच आणि स्प्रिंग-गोळी पाहून घ्या. फोर्क झिजला किंवा वाकला असेल तर बाहेरचा लिव्हर पडल्यासारखा वाटतो आणि आतला गिअर अर्ध्यातच राहतो. मधला शाफ्ट, त्याचे नीडल बेअरिंग आणि थ्रस्ट वॉशरही त्याच वेळी तपासा. केसिंगमध्ये त्या शाफ्टचे भोक अंडाकृती झाले असेल तर नवे केसिंग शोधत बसू नका, कोल्हापूरच्या उद्यमनगरात बोअर करून बुश बसवून मिळतो. ऑइल भरताना गिअरबॉक्समध्ये जी.एल. 4 प्रतीचे 90 नंबरचे मागा, कारण सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून आत असलेल्या) पितळी रिंगांना सगळीच गिअर ऑइल मानवत नाहीत. पेटी परत चढवण्याआधी ब्रॅकेटचे वेल्डिंग उरकून घ्या, ती खाली उतरलेली असताना ते काम सोपे जाते. हीटर प्लग तीनच का बदलायचे, चारही नवे घाला.