इतिहासात बी. ए. केल्यावर पुढे काय?

प्रश्न (एक पालक, कोथरूड):
माझ्या मुलीला बारावीला कला शाखेत चांगले गुण मिळाले असून तिला इतिहास हाच मुख्य विषय घ्यायचा आहे. घरच्या वडीलधाऱ्यांच्या मते त्यातून एक तर स्पर्धा परीक्षा, नाही तर बी. एड. करून शाळा, एवढेच हाती लागते. तिला दोन्हींची ओढ नाही. शनिवारवाड्यात कोण राहत होते यापेक्षा तिथला हिशेब कोण लिहीत असे, याचे तिला अधिक कुतूहल आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १:
ताई, हिशेबाचेच कुतूहल असेल तर तिने पहिल्या वर्षापासून मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, शिकावी. पेशवे दप्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या कागदांचे, रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आपल्याच शहरातल्या पुरालेखागारात आहेत आणि इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी न वाचलेलेच अधिक उरले आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, शब्दही सुटे लिहिलेले नसतात, आणि कालगणना शुहूर सनाची, म्हणजे वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिहिणारी. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७४, त्यात ५९९ मिळवले की १७७३, ज्या वर्षी नारायणरावांचा खून झाला. (हे वर्ष मृग नक्षत्रात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलत असल्याने पुढल्या जानेवारी ते मेच्या कागदाला ६०० मिळवावे लागतात, नवशिके हमखास इथेच चुकतात.) जमिनीच्या दाव्यांत जुनी खरेदीखते वाचून देणारे लागतात, आणि २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज एकदम वाढली. मी स्वतः अशीच कामे करतो.

उत्तर २:
वरील सल्ला योग्य आहे, पण मोडीवाचनाचे काम हंगामी असते, हेही पालकांना सांगायला हवे. प्राध्यापकीचे म्हणाल तर एम. ए. आणि नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) होऊनही मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहे. जितके तास घेतले तितकेच मानधन, तेही कित्येक महिने उशिरा, आणि मे महिन्यात काहीच नाही. ज्या घराला पहिल्या वर्षापासून मुलीच्या पगाराची गरज आहे, त्या घराने या वाटेचा नीट विचार करावा.

उत्तर ३:
पुरातत्त्वाचा पर्याय अद्याप कोणी मांडलेला नाही. डेक्कन कॉलेजात त्यात एम. ए. करता येते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगाव इथल्या प्राचीन वसाहतीचे १९६८ ते १९८३ या काळातले उत्खनन याच संस्थेने केले. मात्र या कामात खंदकात उतरण्याइतकाच वेळ खापरे धुण्यात, वाळवण्यात आणि प्रत्येकावर बारीक अक्षरांत क्रमांक घालण्यात जातो. आपल्या मुलीला हिशेबाची आवड आहे म्हणता, तर तिला हे कदाचित मानवेल. प्रवेश घेण्याआधी तिला एकदा तिथल्या संग्रहालयात मात्र जरूर घेऊन जा.