मत मांडायला शिकवताना : नववी-दहावीच्या वर्गांतील अनुभव

नववी-दहावीच्या मुलांना ठाम मते असतात. मात्र निबंध लिहायला बसली की ‘मोबाइल : शाप की वरदान’ छापाची पाठ केलेली वाक्येच कागदावर उतरतात. यावर आपण वर्गात काय करून पाहिले, ते येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. फसलेले प्रयोगही हवेत.

मराठी शिक्षिका, सातारा जिल्हा
वर्गाची एक भिंत सहमतांची, समोरची असहमतांची. ‘गृहपाठ बंद करावा’ या विधानावर मुले उभी राहतात आणि दुसऱ्याचे म्हणणे पटले तर जागा बदलतात. त्यानंतर प्रत्येकाने आपल्याला कोणत्या वाक्याने हलवले, ते लिहायचे. आवाज चढवणाऱ्यांमुळे कोणीच हलले नव्हते. आठवडाभराच्या गृहपाठाचे तास मोजून सांगणाऱ्या एका अबोल मुलीमुळे सातजण हलले, आणि हे मुलांनी स्वतःच वह्यांत नोंदवले.

मराठी व इतिहास शिक्षक, पुणे
मी मुक्ता साळवे यांचा निबंध वाचायला देतो. फुले दांपत्याच्या शाळेतील या विद्यार्थिनीने साधारण चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने ते छापले. वेद ही केवळ आपलीच मत्ता आहे, असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आमचे धर्मपुस्तक कोणते, असा सवाल ती करते. प्रतिपक्षाचेच विधान मान्य करून त्यातून त्याला अडचणीत आणणारा निष्कर्ष काढायचा, ही युक्तिवादाची रीत व्याख्येने समजावताना माझा तास संपत असे. येथे ती आपल्याच वयाच्या मुलीच्या लेखणीतून मुलांना दिसते. पाहिलेली गोष्ट, प्रश्न आणि निष्कर्ष यांखाली ती वेगवेगळ्या रंगांनी रेघा मारतात. मग स्वतःची एखादी तक्रार लिहितात, पण पहिला परिच्छेद समोरच्याच्या बाजूचा आणि तोही त्याला मान्य होईल इतका प्रामाणिक असावा लागतो. या परिच्छेदाला मी सर्वाधिक गुण देतो.

शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा
ऐन वेळी बाजू बदलायला लावलेली वादविवाद स्पर्धा माझ्याकडे फसली. तयारीला वेळच न दिल्यामुळे मुले गोंधळली, दोघी तर रडल्या. तो दोष माझा होता. पत्रलेखन मात्र साधले. शाळेजवळ एसटीचा थांबा हवा, ही एकच मागणी आगार व्यवस्थापक, सरपंच आणि आजी यांना वेगवेगळी लिहायची होती. आजीच्या पत्रात पावसात भिजलेले दप्तर आले, व्यवस्थापकांच्या पत्रात विद्यार्थ्यांची संख्या आणि गाडीची वेळ आली. त्यांतले एक पत्र आम्ही खरोखरच आगारात नेऊन दिले आणि त्याची पोच वर्गात लावली आहे.