मदत हवी आहे: ठिबकच्या फिल्टरचं तंत्र नेव्हीच्या जहाजावर चालवायचंय, सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक झालंय पण जाणकारांनी पूर्ण वाचा ही विनंती. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं मोल्डिंगचं युनिट आहे, ठिबकचे डिस्क फिल्टर आणि त्याचे पार्ट बनवतो. आपल्याकडे पाणी कसलं येतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, कॅनॉलचं असलं तर गाळ, शेततळ्याचं असलं तर शेवाळ, आणि शेतकरी बिचारा भर उन्हात फिल्टर उघडून चकत्या धुवत बसतो. म्हणून आम्ही आपोआप धुतला जाणारा फिल्टर केला. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याच्या प्रेशरमध्ये साधारण अर्धा बारचा फरक पडला की व्हॉल्व्ह पलटतो, पाणी उलटं फिरतं, स्प्रिंगने दाबलेल्या चकत्या सैल होऊन गरागरा फिरतात आणि कचरा बाहेर फेकला जातो. हे तंत्र जगात जुनंच आहे, आमचं त्यात वेगळं काय तर व्हॉल्व्हला वीज लागत नाही आणि चिकट शेवाळ कमी पाण्यात निघतं. शेतांवर चांगलं चालतंय.

आता नेव्ही कुठून आली तर माझा एक मित्र मर्चंट नेव्हीत इंजिनवर आहे, तो म्हणाला की बॅलास्ट पाण्यासाठी, म्हणजे जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरतात त्या पाण्यासाठी, जहाजांवर 40-50 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेच बॅकवॉशवाले, उलट्या पाण्याने धुतले जाणारे फिल्टर असतात. या पाण्यातून एका समुद्रातले जीव दुसरीकडे जाऊ नयेत म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार 2017 पासून लागू झाल्यावर त्यांचं मार्केट मोठं झालं. युद्धनौकांना तो करार लागू नाही, पण इंजिन आणि एसी थंड ठेवायला समुद्राचं पाणी सगळ्याच जहाजांना लागतं आणि तिथे स्ट्रेनर, म्हणजे कचरा अडवणारी जाळी तुंबते, ती हाताने साफ करतात. तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. आपल्या भुसावळ-वरणगावला ऑर्डनन्स फॅक्टरी आहेत, सैन्याला माल देणं या भागाला नवीन नाही, मग नौदलाला का नाही?

मावसभाऊ अमेरिकेत असतो, त्याने सांगितलं तिकडे 1982 च्या कायद्यापासून छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारी पैसा मिळतो, आधी कल्पना तपासायला, मग प्रोटोटाइपला, आणि तिसऱ्या टप्प्यात माल विकायला आपलं आपण. ते तिकडच्याच कंपन्यांना. आपल्याकडे 2018 पासून आयडेक्स आहे, म्हणजे नवीन कल्पनांना पैसा देणारी संरक्षण खात्याची योजना, आणि नवीन कल्पना व स्वदेशीकरणासाठी नेव्हीची स्वतःची संस्था एनआयआयओ 2020 पासून, एवढं वाचलं. पण अर्ज ओपन चॅलेंजमध्ये करायचा की नेव्ही स्वतः प्रॉब्लेम काढते त्याची वाट बघायची? आमची फर्म प्रोप्रायटरी आहे, चालेल का? आणि मुख्य म्हणजे समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर, टेस्टिंग कुठे करू? कन्सल्टंट म्हणवणारे एक जण भेटले, त्यांनी आमचं ड्रॉइंगसुद्धा न बघता फीचा आकडा सांगितला, त्यामुळे आता इथेच विचारतोय.

निवृत्त_आर्टिफिसर: भाऊ, मी नेव्हीत इंजिनरूममध्ये आयुष्य काढलंय, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नेव्हीच्या ट्रेनिंगच्या तळावर शिकलो. तुझा प्रॉब्लेम खरा आहे, स्ट्रेनर साफ करणं म्हणजे हात भरून चिखल, शिंपले, कधी जेलीफिश. जोडीचे स्ट्रेनर असतात, एक चालू ठेवून दुसरा उघडायचा. मुंबई बंदराचं पाणी तर गढूळच. पण तू ठिबकच्या 130 मायक्रॉनच्या नादाला लागू नको. कूलिंगच्या पाण्याला इतकं बारीक गाळायची गरज नसते, भोकं मिलिमीटरमध्ये मोजतात, तिथे पाणी प्रचंड वाहतं आणि प्रेशर कमी, तुझ्या चकत्यांनी पंपाचा जीव जाईल. बारीक फिल्टर लागतो तो खाऱ्या पाण्याचं गोडं करणाऱ्या आरओ प्लांटच्या आधी. तिथे पाणी कमी, प्रेशर बरं, आणि फिल्टरच्या कार्ट्रिज बदलत बसावं लागतं. तुझी जागा ती आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, प्लास्टिकची बॉडी विसर. आगीत धूर आणि विषारी वायू, आणि पाण्याखाली स्फोट झाला की जहाजाला जो धक्का बसतो त्यात बॉडी तडकली तर समुद्र आत. बॉडी ब्राँझची किंवा 90-10 क्युप्रोनिकेलची (तांबं-निकेलचा मिश्रधातू) कर, चकत्या पॉलिप्रॉपिलीनच्या राहू दे. आणि स्प्रिंग कसली आहे? 304 स्टेनलेस असेल तर खाऱ्या पाण्यात खड्डे पडतील, 316 सुद्धा साचलेल्या पाण्यात फटींमध्ये खाल्लं जातं. वर दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात टेकले की एक दुसऱ्याला खातो.

तापीकर: आमच्या ओळखीतल्या एका कंपनीने आयडेक्स केलंय म्हणून सांगतो. आधी प्रायव्हेट लिमिटेड कर, प्रोप्रायटरीला स्टार्टअपची मान्यता मिळत नाही. उद्यम नोंदणी असेलच. साधी ग्रँट दीड कोटीपर्यंत आहे, पण तेवढाच वाटा तुला घालावा लागतो आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात, म्हणजे मधल्या काळात खिशातून चालवायची तयारी पाहिजे, छोटे लोक इथेच अडकतात. आयडेक्सच्याच मोठ्या ग्रँट म्हणजे प्राइम 10 कोटीपर्यंत आणि अदिती 25 कोटीपर्यंत, ते तुझ्या कामाचं नाही. डीआरडीओचा टीडीएफ (तंत्रज्ञान विकास निधी) 50 कोटीपर्यंत जातो आणि खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत देतो, पण तिथे गरज त्यांच्याकडून निघालेली लागते. तुझी स्वतःची कल्पना आहे तर ओपन चॅलेंज. अर्जाआधी संरक्षण खात्याचं सृजन पोर्टल बघ, परदेशातून आणावे लागणारे पार्ट तिथे टाकलेले असतात, फिल्टरसारखं काही सापडलं तर अर्जात ते दाखवता येईल. आणि नवीन उद्योगांना मदत करणारं जळगावच्या विद्यापीठाचं इनक्युबेशन सेंटर बांभोरीच्या बाजूलाच आहे, तिथे जाऊन बस.

टेस्टिंगचं म्हणशील तर सॉल्ट स्प्रे, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याची टेस्ट, सोय असलेल्या एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमध्ये होते, 5 टक्के मीठ, 35 अंश. त्याने गंज कळतो, पण शिंपले चिकटतात का ते नाही कळत. नेव्हीसाठी गंज आणि कोटिंगचं काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा एनएमआरएल अंबरनाथला आहे, कल्याणला उतरलं की जवळ. सरळ पत्र लिही, सोबत ड्रॉइंग आणि शेतावरच्या रीडिंग जोड.

साक्रीवाला: भाऊ, तुन्हं काम चांगलं शे, मांगे फिरू नको. धुळ्याला मशीन शॉप आहे आमचं, ब्राँझची कास्टिंग आणून टर्निंग करून देऊ, पहिल्या नगाचं फक्त मटेरियलचं दे.

धागाकर्ता: काका, आरओचं डोक्यातच आलं नव्हतं, फार मोठं काम केलंत. स्प्रिंग 304 चीच आहे. टायटॅनियमची परवडेल का बघतो, नाहीतर स्प्रिंग काढून पाण्याच्या दाबावरच चकत्या आवळायच्या, तसं एक ड्रॉइंग जुनं पडलंय. तापीकर दादा, कंपनीच्या नोंदणीसाठी सीएला आजच फोन केला. साक्रीवाले भाऊ, व्यनि (खाजगी मेसेज) करतो.

आता एकच मदत अजून. अर्जाआधी मला स्वतःचा थोडा तरी डेटा हवाय. उरण, करंजा, ससून डॉक, कुठेही कोणाच्या ओळखीत बोट किंवा जेटी असेल तर चकत्यांचे सँपल दोरीला बांधून पाण्यात लटकवायचेत, काही पॉलिप्रॉपिलीनचे, काही शिंपले चिकटू नयेत म्हणून तांब्याची पूड मिसळलेले, पावसाळ्याआधी दोन-तीन महिने तरी. जागेचं भाडं देईन, दर पंधरा दिवसांनी फोटो काढायला मी स्वतः येईन. कोणी असेल तर प्लीज इथेच सांगा.