गावात राहून काम करणाऱ्यांना विचारायचे आहे: तुमचे काम नेमके काय आहे आणि त्याविषयी तुम्हाला काय वाटते?

प्रश्न

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात राहते. घरी कोरडवाहू शेती आहे, आई-वडील दोघेही वावरात राबतात आणि मी कृषी पदविका पूर्ण केलेली आहे. दहावीच्या गुणांवर होणाऱ्या ग्रामीण डाक सेवक भरतीच्या यादीत माझे नाव लागले असून शेजारच्या तालुक्यातील एका गावात शाखा डाकपाल म्हणून मला रुजू होता येईल. त्याच सुमारास नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्येही काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली आहे. तेथे पगार थोडा अधिक आहे, परंतु खोली, डबा आणि जाण्यायेण्याचा खर्च वजा केल्यावर हाती फार काही उरणार नाही, असे दिसते.

वडिलांचे म्हणणे आहे की पोस्टाचे काम इज्जतीचे आहे. आईला वाटते की मुलीने एकदा शहर पाहून यावे. दोघांचेही म्हणणे मला पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. जाहिरातीत पदाचे नाव आणि रक्कम लिहिलेली असते, पण सकाळी कुलूप उघडल्यापासून संध्याकाळी घरी येईपर्यंत माणूस काय करतो, हे कोणी लिहीत नाही. विदर्भातल्या खेड्यांत राहून जे लोक नोकरी किंवा हुन्नराचे काम करतात, त्यांनी आपापल्या कामाचे स्वरूप आणि त्याविषयीची स्वतःची भावना मोकळेपणाने सांगावी, ही विनंती. काम डाकघराचेच असावे असे नाही.

उत्तर: शाखा डाकपाल, वाशीम जिल्हा

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा पहिला हक्क बहुधा माझा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम पैशाची बाजू स्पष्ट करतो. ग्रामीण डाक सेवकाला मिळतो तो पगार नसून कामाच्या तासांशी जोडलेला भत्ता असतो. २०१८ च्या सुधारणेनंतर शाखा डाकपालासाठी तो चार तासांच्या कार्यालयाला १२,००० रुपयांपासून आणि पाच तासांच्या कार्यालयाला १४,५०० रुपयांपासून सुरू होतो, त्यावर महागाई भत्ता मिळतो आणि दरवर्षी तीन टक्के वाढ होते. उपजीविकेचे दुसरे साधन असावे, अशी अट भरतीच्या नियमांतच असते. म्हणजे हे काम शेती, दुकान किंवा शिकवणी यांच्या जोडीने करायचे आहे, असेच मूळ गृहीतक आहे. शिवाय ज्या गावात शाखा आहे तेथे राहावे लागते आणि कार्यालयासाठी जागाही आपणच दाखवावी लागते. तुमच्या बाबतीत गाव परके असल्यामुळे या मुद्द्याचा आधी विचार करा.

आता कामाविषयी. सकाळी थैली येते, तिचे सील तपासून ती उघडायची, आलेल्या टपालावर तारखेचा शिक्का मारायचा, स्पीड पोस्टच्या वस्तू यंत्रावर चढवायच्या आणि वाटपासाठी सहायकाकडे द्यायच्या. आपुलकीची पत्रे आता क्वचितच येतात. आधार कार्डे, बँकांची पाकिटे, न्यायालयाच्या नोटिसा, नोकरीची बोलावणी आणि एखाद्या वृद्ध वाचकाचे मासिक, असे टपाल असते. त्यानंतर बचत खाती, आवर्ती ठेव, मुलींसाठीची सुकन्या समृद्धी आणि ग्रामीण टपाल जीवन विमा ही कामे चालतात. परंतु १ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून या कामाचा गाभाच बदलला, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी लोक आमच्याकडे टपालासाठी येत, आता ते स्वतःच्या पैशासाठी येतात.

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, रोजगार हमीची मजुरी, अशा कोणत्याही खात्यातली रक्कम आधार आणि बोटाच्या ठशावर गावातच काढून देता येते. येथेच या कामाची खरी परीक्षा असते. दिवाळीनंतर कापूस वेचणी भरात आली की बायांच्या बोटांची टोके बोंडाच्या कडक कवचाने कातरून गेलेली असतात. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावर तर रेषाच उरलेल्या नसतात. यंत्रावर अंगठा ठेवला की ठसा जुळत नाही, असा संदेश येतो. मग ओल्या फडक्याने हात पुसायचा, काचही पुसायची, अंगठा झाला की तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात, असे करत जावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींचा फक्त डाव्या हाताच्या अनामिकेचा ठसा जुळतो, हे आता मला पाठ झाले आहे, त्यामुळे त्या आल्या की आम्ही तेथूनच सुरुवात करतो. त्यांना तालुक्याच्या बँकेत जायचे झाले तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि ऑटोचे भाडे वेगळे लागते. मी गावातच पैसे दिल्यामुळे हा खर्च वाचला, हे मला त्यांच्या समोर बसून दिसते. मला हे काम मनापासून आवडते, आणि ते याच कारणासाठी आवडते.

त्रास नाही असे मी म्हणणार नाही. मोबाइलची रेंज गेली की दारात बसलेल्या पंधरा माणसांना उद्या या, असे सांगावे लागते आणि त्यांच्यापैकी अर्ध्यांनी त्या दिवशीची मजुरी सोडलेली असते. कागदावर चार तास असले तरी रात्री दार वाजवणाऱ्याला परत पाठवणे गावात शोभत नाही. या गोष्टी मनाला लागणाऱ्या असतील, तर आधीच विचार करावा.

उत्तर: आशा स्वयंसेविका, यवतमाळ जिल्हा

मी तुमच्याच जिल्ह्यातील आहे, केळापूरच्या बाजूची. माझ्याकडे एक गाव आणि दोन कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, आहेत. आमची योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते, ती त्याच गावची असते आणि तिला कामानुसार मोबदला मिळतो. राज्याने २०२४ मध्ये या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ केली, ती आम्ही संप करून, मुंबईच्या मैदानात बसून मिळवली. आम्हाला अजूनही स्वयंसेविकाच म्हटले जाते, कर्मचारी म्हटले जात नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते. काम रोजचे आहे, जबाबदारी जिवाची आहे, तर नावही कामाचे असावे.

गरोदर बाईची नोंद, लोहाच्या गोळ्या, लसीकरणाचा दिवस, क्षयरोगाच्या रुग्णाला औषधे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी, साथीत घरोघरी पाहणी, एवढी कामे आहेत. पण मला विचाराल तर या नोकरीचे मोल बाळंतिणीच्या घरभेटीत आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. आज देशभर चालणाऱ्या या पद्धतीचा पाया आपल्या गडचिरोलीत घातला गेला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू कमी करता येतात, हे दाखवले आणि १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. प्रशिक्षणात हे कळले तेव्हा मला फार अभिमान वाटला, कारण ज्या बायांनी ते काम केले त्या माझ्यासारख्याच होत्या.

घरात गेल्यावर मी आधी हात धुते, कारण सासूबाई आणि शेजारणी ते पाहत असतात आणि पुढे त्याही धुऊ लागतात. मग बाळाला झोळीत ठेवून काट्याला अडकवते. अडीच किलोच्या खाली काटा थांबला की मी आवाज चढू देत नाही. आईला बाळ छातीशी उघड्या अंगाने धरायला सांगते, दूध ओढते का ते पाहते, बेंबी पाहते, श्वास मोजते. पोडावर आजही बाळाला लवकर आंघोळ घालण्याचा आग्रह होतो. तेथे भांडून उपयोग नसतो, आजीला विश्वासात घ्यावे लागते, कारण त्या घरात शेवटचा शब्द तिचाच असतो.

ताई, तुम्हाला एकच सांगते. गावातली नोकरी म्हणजे घराजवळची नोकरी, म्हणून ती सोपी, असे समजू नका. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेसाठी १०८ लावून बाळंतिणीबरोबर जायचे असते तेव्हा माझी स्वतःची मुले सासूजवळ असतात. तरीही जे पोर मी झोळीत तोलले, ते शाळेत जाताना हात हलवते तेव्हा मला हे काम सोडावेसे वाटत नाही.

उत्तर: कलम बांधणारा, वरूड तालुका, अमरावती जिल्हा

माझी नोकरी नाही, हुन्नर आहे, पण प्रश्न कामाविषयी असल्यामुळे लिहितो. आमच्या वरूड आणि शेंदुरजनाघाट परिसरात संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे रोप वाढवतात, ते पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. तो बांधण्याचे काम मी करतो. मजुरी शेकड्यावर मिळते आणि हंगाम मुख्यतः हिवाळ्यातला असतो, उरलेल्या काळात मी बागांत छाटणीला आणि तोडीला जातो.

जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटरवर, खोडाच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचा. त्याहून खाली बांधले तर पुढे ओल्या मातीतली बुरशी कलमाच्या जोडापर्यंत पोहोचते आणि झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो. मग मातृवृक्षाच्या काडीवरून डोळा सालीसकट ढालीच्या आकारात काढायचा, छेदात वरून खाली सरकवायचा आणि डोळा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. चाकूला धार हवी आणि हात थांबता कामा नये, कारण उघडी साल वाळते. सुमारे तीन आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला तर तो लागला, काळा पडला तर मेला. सकाळच्या थंडीत वाफ्यात उकिडवे बसून हे काम करताना कंबर भरून येते, बोटे सुन्न होतात, पण लागलेल्या डोळ्यांची रांग पाहिली की मला माझ्या हाताविषयी आदर वाटतो. हे मी संकोच न करता लिहितो.

या कामात एक मोठी जोखीम आहे आणि ती फारशी कोणी बोलत नाही. शेतकरी कलम घेऊन जातो, पाच-सहा वर्षे पाणी, खत आणि मेहनत घालतो आणि तेव्हा कुठे त्याला कळते की झाड चांगले निघाले की नाही. काडी रोगट किंवा कमी फळ देणाऱ्या झाडाची असेल, तर त्याची ती वर्षे परत येत नाहीत, आणि तोपर्यंत कलम कोणी बांधले हे कोणाला आठवतही नसते. म्हणून ओळखीच्या, फळ पाहिलेल्या झाडाची काडी असल्याशिवाय मी चाकू लावत नाही. त्यामुळे काही रोपवाटिकांनी मला बोलावणे बंद केले, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही.

माझ्या मुलाने हे शिकावे का, याविषयी मात्र माझे मन ठरत नाही. हुन्नर चांगला आहे, पण हंगाम गेल्यावर हाताला काम शोधावे लागते.

उत्तर: कंत्राटी लाइनमन, बुलडाणा जिल्हा

थोडक्यात लिहितो. रब्बीत शेतीला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत डीपीवरचा फ्यूज उडाला की हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी अंधारात, रानडुकरांच्या आणि सापांच्या भीतीत उभा राहून मला फोन करतो. मी तेथे पोहोचेपर्यंत तो शिव्या देत असतो आणि मोटार सुरू झाली की चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. दोन्ही गोष्टी मी समजू शकतो, कारण माझ्या भावाचीही शेती आहे.

खांबावर चढण्याआधी उपकेंद्राकडून परमिट घेणे आणि तारेला अर्थिंग करणे, हे मी कितीही घाई असली तरी टाळत नाही. लोक खालून ओरडतात की लवकर करा, पण लाइन बंद असली तरी एखाद्या घरातल्या जनरेटरची वीज उलट येऊ शकते. काम मला आवडते. कंत्राट दरवेळी संपते आणि नव्या ठेकेदाराच्या हाताखाली पुन्हा सुरुवात करावी लागते, हे आवडत नाही. ताई, तुम्हाला कायम स्वरूपाचे काम मिळत असेल तर त्या गोष्टीला किंमत द्या.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला आणि वडिलांना मी ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. आशाताईंचे उत्तर ऐकून आई बराच वेळ त्यांच्याविषयीच बोलत होती. डाकपाल दादांना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दुपारनंतर मला माती परीक्षणाचे नमुने घेणे किंवा रोपे तयार करणे असे शेतीशी जोडलेले काम करता येईल का? आणि पुढे याच खात्यात वर जाण्याचा मार्ग असतो का?

उत्तर: शाखा डाकपाल, वाशीम जिल्हा

ताई, जोडधंद्याला आडकाठी नाही, फक्त तो कार्यालयाच्या वेळेत आणि कार्यालयाच्या टेबलावर चालवू नये आणि रोख रकमेचा हिशेब पूर्णपणे वेगळा ठेवावा. रोपवाटिकेसाठी तुमचे शिक्षण उपयोगी पडेल. माझ्या ओळखीच्या एका शाखेतील डाकपाल बाई दुपारनंतर शिवणकाम करतात आणि त्यांचे चांगले चालले आहे. पुढचा मार्गही आहे. ठरावीक सेवा झाल्यावर विभागीय परीक्षा देऊन पोस्टमन किंवा मल्टी टास्किंग स्टाफ या नियमित पदांवर जाता येते. जागा कमी आणि परीक्षार्थी जास्त असतात, म्हणून अभ्यास पहिल्या वर्षापासूनच सुरू करावा.

रुजू होण्याची मुदत संपण्याआधी वडिलांना घेऊन एकदा त्या गावी जाऊन या. कार्यालयाला खोली कोठे मिळते, तेथे मोबाइलची रेंज येते का आणि सकाळची थैली कोणत्या गाडीने येते, एवढ्या तीन गोष्टी पाहून घ्या. गाव एसटीच्या रस्त्यावर असेल तर राहण्याचा प्रश्न बराच सोपा होईल. तालुक्याच्या डाकघरात त्या शाखेचे आधीचे डाकपाल कोण होते हे विचारले तर ते सांगतील. शक्य असल्यास त्यांनाही भेटा.