सातवीच्या तक्त्यात ‘दृक, श्राव्य, कृतिप्रधान’ भरलं, पण शिकवताना त्याचं करायचं काय?

करवीरची_बाई

नमस्कार. करवीर तालुक्यातल्या एका गावात मी सहावी-सातवीला गणित शिकवते. सातवीत ३८ मुलं आहेत, २१ मुलगे आणि १७ मुली. मागच्या महिन्यात एका प्रशिक्षणात आम्हाला तक्ता दिला. प्रत्येक मुलाच्या नावापुढं तो दृक (बघून शिकणारा), श्राव्य (ऐकून शिकणारा) की कृतिप्रधान (करून शिकणारा) ते लिहायचं आणि त्याला तसंच शिकवायचं. मी दोन रात्री बसून तो भरला. दोन नावांपाशी मात्र पेन अडलं.

पहिलं नाव एका गुळव्याच्या मुलाचं. शेकडेवारीच्या चाचणीत त्याला २० पैकी ३ गुण. तक्त्यात ‘कृतिप्रधान’ लिहिलं, स्टाफरूममध्ये त्याला ‘मंद’ म्हणतात. रविवारी गूळ आणायला मी त्यांच्या गुऱ्हाळावर गेले. काहिलीत रस उकळत होता, पोरगा वडिलांशेजारी झारा घेऊन मळी काढत होता. सहज विचारलं, “दीड टन उसाचा गूळ किती पडंल रे?” काहिलीवरची नजर न काढता म्हणाला, “अकराचा उतारा धरला तर एकशे पासष्ट किलो. तीस किलोचे पाच रवे, वर पंधरा किलो.” कागद नाही, पेन्सिल नाही. उतारा म्हणजे शंभर किलो उसामागं किती किलो गूळ पडतो ते, म्हणजे शेकडेवारीच की! मग माझ्या चाचणीत तीन गुण कसे?

दुसरं नाव एका मुलीचं. वहीत सगळं बरोबर, पण वर्षभरात एकदाही हात वर केला नाही. तिच्यापुढं मी ‘श्राव्य’ लिहिलं, आणि त्याला कारण एवढंच की ती गप्प बसून ऐकते. हे मला आता फार टोचतंय.

मुलामुलांत फरक असतोच, ते मला मान्य आहे. पण ४० मिनिटांच्या तासात ३८ जणांना कसं धरायचं?

गडहिंग्लजचा_मास्तर

ताई, तक्ता मीपण भरला आणि फायलीला लावला. पूर्वी मी हुशार, मध्यम आणि कच्चे अशा तीन रांगा करायचो. कच्च्यांच्या रांगेला सोपीच गणितं द्यायचो, म्हणजे पोरं हिरमुसणार नाहीत. वर्षअखेरीला ती रांग तशीच राहिली, कारण अवघड गणित त्यांच्यापुढं कधी गेलंच नाही. रांगा मोडून आता तीन वर्षं झाली.

अध्यापक_विद्यालयातून

मॅडम, बी.एड.च्या वर्गात मी व्यक्तिभेद शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दृक-श्राव्यची, म्हणजे ‘अध्ययनशैली’ची, कल्पना पटते, कारण प्रत्येकाला काहीतरी जास्त आवडतं. पण आवडणं वेगळं आणि त्यानं जास्त शिकणं वेगळं. २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. दावा खरा असेल तर ‘दृक’ मुलाला चित्रानं जास्त यायला हवं आणि ‘श्राव्य’ मुलाला त्याच धड्यात ऐकून जास्त यायला हवं. अशी नीट चाचणी घेणारे अभ्यास त्यांना अगदी थोडे सापडले, आणि त्यातले काही तर दाव्याच्या उलट गेले. हॉवर्ड गार्डनर यांचा बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धांत १९८३ चा. तोही आपल्याकडं यातच कालवतात. आपला सिद्धांत म्हणजे अध्ययनशैली नव्हे, हे गार्डनर यांनी स्वतः सांगितलंय.

कसं शिकवायचं ते मुलापेक्षा विषय ठरवतो. पंचगंगेचं खोरं नकाशावरच दाखवावं लागतं, कवितेची चाल कानानंच पोचते, कोन काढायला कंपास हातात घ्यावाच लागतो. हे ३८ च्या ३८ जणांना लागू आहे.

बुद्धीबद्दल एकच सांगतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली ती जादा मदत कुणाला हवी ते कळावं म्हणून. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे म्हणणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. तुमच्या गुळव्याच्या पोराला जे येतं ते त्यानं काहिलीशेजारी कमावलंय. शाळेतल्या ‘शेकडा’ शब्दाशी त्याची गाठ कुणी घालून दिलेली नाही. मुलामुलांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो आधीपासून काय येतं याचा, आणि तुमच्या तक्त्यात त्याचा रकानाच नाही.

निवृत्त_बाई_मंगळवार_पेठ

बाई, मी त्या मुलीबद्दल बोलते. मी ३१ वर्षं शिकवलं, आणि शेवटच्या चार वर्षांत मला हे उमगलं. एका सहकारी बाईंना मी मागच्या बाकावर बसवलं आणि मी कुणाला विचारते त्याच्या रेघा ओढायला सांगितलं. एका तासात मुलग्यांच्या १९ रेघा आणि मुलींच्या ५. त्या पाचातही तीन वेळा “वाच गं” नाहीतर “फळा पूस”. “असं का?” हा प्रश्न मी फक्त मुलग्यांना विचारत होते. मला रडू आलं होतं.

मुली मुळातच गणितात मागं असतात, असं अजून स्टाफरूममध्ये बोलतात. जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये कितीतरी अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की मुलगे-मुलींतले बहुतेक मानसिक फरक अगदी थोडे असतात, गणितातलेसुद्धा. मुली मागं राहतात त्या आपल्या विचारण्यात.

प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. मेरी बड रो यांनी पाहिलं होतं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलतात. दुसरं म्हणजे आधी सगळ्यांना उत्तर वहीत लिहू द्या, मग बिस्किटाच्या डब्यातनं नावाची चिठ्ठी काढा. हात वर करायची पद्धतच बंद ठेवा.

एक_आई

मी शिक्षिका नाही. तक्ता बाजूला ठेवताना एक तेवढं बघा. माझ्या मुलाला सहावीपर्यंत आळशी म्हणायचे. तोंडी सगळं यायचं, वाचायला दिलं की घाम फुटायचा. तपासणीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, निघाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येतं, बोर्डाच्या परीक्षेला जादा वेळ मिळतो. त्याच्या एका बाईंना शंका आली म्हणून आम्हाला कळलं. अशा मुलाला ‘श्राव्य’ म्हणून सोडून देऊ नका, पालकांना बोलवा.

करवीरची_बाई (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. डिस्लेक्सियाबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचं वाचून मी एका मुलाच्या पालकांना बोलवून घेतलं. तपासणीची तारीख मिळालीय.

शेकडेवारी पुन्हा गुऱ्हाळापासून घेतली. फळ्यावर ‘उतारा ११’ आणि त्याच्याखाली ११/१०० लिहिलं. गुळव्याचा पोरगा बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “म्हंजे ह्यो शंभर आपल्या उसाचा हाय व्हय?” बँकेच्या व्याजापाशी तो परत अडला, पण या वेळी “ह्यातला शंभर कुठला?” असं त्यानं स्वतः विचारलं. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नव्हतं त्यांना मात्र ‘उतारा’च कळेना, त्यांना त्यानंच समजावलं.

डबा सुरू केलाय. तीन आकडे मोजणं फार जड जातं, जीभ वळवळते. परवा त्या गप्प मुलीची चिठ्ठी निघाली. एक, दोन, तीन, चार मोजले. ती वहीकडं बघत हळूच म्हणाली, “बाई, उतारा अकराचा बारा झाला तर गूळ एक टक्का वाढला म्हणायचं का नऊ?” दीड टनाला १६५ किलोचे १८० होतात, वाढ १५ ची. मीच खडू घेऊन थांबले.

उद्याचा अख्खा तास या प्रश्नाला दिलाय. पोराला सांगितलंय, यंदा उतारा किती पडतोय ते वडिलांना विचारून ये.